मार्गळीची पहाट आणि उघडी मोटार

हिवाळा म्हटला म्हणजे महाराष्ट्रातील माणसाच्या डोळ्यांसमोर प्रथम शेकोटी उभी राहते आणि तिच्या पाठोपाठ बंद दारे-खिडक्या. निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर उतरला की द्राक्षबागायतदार रात्रभर बागेत धूर करून बसतो. पुण्याच्या पेठांतून सकाळी दुधाला निघालेला माणूस मफलरातून केवळ नाक बाहेर काढतो. अशा दिवसांत कोणी बिनछपराच्या मोटारीत बसून, तोंडावर वारा घेत, कामाकाजावाचून भटकावयास निघाला तर शेजारीपाजारी त्याला वेड्यात काढतील. पण हे वेड जगात आहे, जुने आहे, आणि ज्यांना ते जडले आहे त्यांच्यापैकी बरीच मंडळी उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्याचीच अधिक आतुरतेने वाट पाहतात.

या वेडाची जन्मभूमी इंग्लंड. दोनच माणसे बसतील अशी बुटकी, लांब नाकाची, तारांच्या आरांची चाके असलेली मोटार. तिला पक्के छप्पर नाही, कॅनव्हासचा टप. टप हा शब्द आपल्याकडे घोडागाडीबरोबर आला आणि तो या मोटारीला चपखल बसतो, कारण ही गाडी मनाने घोडागाडीच्याच जातीची. बैलगाड्यांच्या भाषेत सांगावयाचे तर घरगुती मोटार म्हणजे खटारा आणि ही म्हणजे छकडा: ओझे वाहणे हे तिचे काम नव्हे. ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसच्या आद्याक्षरांवरून नाव पडलेली एम.जी. ही या जातीतील सर्वांत प्रसिद्ध. तिचा टी.सी. हा नमुना १९४५ ते १९४९ या काळात निघाला. दहा हजारांच्या आसपास गाड्या झाल्या. इंजिन १२५० घनसेंटिमीटरचे, शक्ती ५४ अश्वांची, सांगाडा लोखंडाचा पण वरच्या अंगाचा आधार अ‍ॅश झाडाच्या लाकडाचा. समोरची काच पुढे पाडून आडवी करता येते. दारे कोपरापाशी खोल कापलेली, म्हणजे हात बाहेर टेकवून बसता यावे. ऊब देणारे यंत्र तीत नव्हतेच. अशा गाडीतून डिसेंबरात हिंडणारा इंग्रज काही अंशी हवामानाशी भांडत असतो. बोटे बधिर होईपर्यंत वारा खावयाचा आणि मग एखाद्या खाणावळीच्या आगटीशी जाऊन बसावयाचे, यातच त्याच्या आनंदाचा अर्धा वाटा असतो.

हेच सुख भांडणावाचून मिळावे अशी एक जागा आपल्या देशात आहे आणि ती मराठी माणसाला अगदीच परकी नाही. तंजावरपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर, कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये वसलेले कुंभकोणम. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत हा मुलूख भोसल्यांच्या राज्यात होता. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचा कारभार पाहिलेले सर टी. माधवराव १८२८ मध्ये येथेच, तंजावरी मराठी घराण्यात जन्मले. आणि अजूनही या भागात अशी घरे आहेत की ज्यांत स्वयंपाकघरातली भाषा मराठी व ओसरीवरची तमिळ असते.

येथील हवामानाचे वेळापत्रक आपल्याहून वेगळे आहे. आपला पाऊस दसऱ्यापर्यंत परततो; यांचा खरा पाऊस तेव्हा कोठे सुरू होतो. ऑक्टोबरापासून डिसेंबरापर्यंत ईशान्येचा मोसमी वारा कावेरीच्या खोऱ्याला झोडपून काढतो. मार्च आला की ऊन चढू लागते आणि मे महिन्यात सावलीतही पारा सदतीस-अडतीसच्या खाली राहावयास तयार नसतो. या दोहोंच्या मध्ये जो चिंचोळा काळ उरतो तोच उघड्या मोटारीचा. तमिळ लोकांनी वर्षाचे जे सहा ऋतू मानले आहेत त्यांत मार्गळी आणि तै या दोन महिन्यांचे नाव ‘मुन्पनी’ असे आहे. पनी म्हणजे दव. मुन्पनी म्हणजे पहिले दव. पुढच्या दोन महिन्यांना ‘पिन्पनी’, मागचे दव. आपण ज्यांना हेमंत-शिशिर म्हणतो त्यांना त्यांनी थंडीच्या नावाने न ओळखता दवाच्या नावाने ओळखावे, यातच येथील हिवाळ्याचे सारे स्वरूप आले. डिसेंबराच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत मार्गळी. पहाटेचा पारा वीस-एकवीस अंशांच्या आसपास. नाशिककर याला थंडी म्हणावयास तयार होणार नाही. कुंभकोणमचा वृद्ध गृहस्थ मात्र माकडटोपी घातल्याशिवाय दाराबाहेर पडत नाही, आणि उघड्या मोटारीत बसल्यावर नाशिककराला कळते की टोपीचा निर्णय शहाणपणाचा होता.

त्याचे कारण साधे आहे. माणसाच्या अंगाभोवती स्वतःच्या उबेने तापलेल्या हवेचे एक पातळ पांघरूण असते. वारा ते उडवून नेतो, आणि मोटार ताशी पन्नास-साठ किलोमीटर वेगाने धावू लागली की हा वारा ती स्वतःच निर्माण करते. हवेत दमटपणा असेल आणि बाहीवर दव बसले असेल तर ते सुकतानाही अंगातली उष्णता घेऊन जाते. वीस अंश मग वीस वाटत नाहीत. परंतु या गाडीची गंमत अशी की ती एका हाताने घेते ते दुसऱ्या हाताने परत करते. इंजिन आणि चालकाचे पाय यांच्यामध्ये एका पातळ भिंतीपलीकडे काही नसते आणि गिअरची पेटी दोन आसनांच्या मधून जाते. तापलेल्या यंत्राची ऊब फळ्यांच्या फटींतून पायांशी साचते. कमरेच्या खाली शेगडी आणि कमरेच्या वर पहाट, असे हे आसन. मे महिन्यात हीच शेगडी नकोशी होते. तळपायाला चटके बसतात आणि चालक गाडीला व गाडी बनविणाऱ्याला दोघांनाही बोल लावतो.

वाऱ्याची चाल मात्र नवख्याला फसविते. त्याची समजूत असते की वारा समोरून येणार, म्हणून तो छाती झाकून बसतो. प्रत्यक्षात समोरच्या काचेवरून उसळलेला वारा डोक्यावरून निघून आसनांच्या मागे उतरतो आणि उलटा फिरून मानेवर येतो. केस मागे उडावयाच्या ऐवजी पुढे येतात. म्हणून या मोटारीतला खरा पोषाख म्हणजे कोट नव्हे, मानेभोवती घट्ट गुंडाळलेला पंचा किंवा मफलर. कापसाचा पंचा पुरतो. लोकरीची येथे गरज पडत नाही.

थंडी जशी माणसाला मानवते तशी जुन्या यंत्रालाही मानवते. वीस अंशांची हवा चाळीस अंशांच्या हवेपेक्षा सुमारे सात टक्क्यांनी दाट असते. म्हणजे प्रत्येक घोटाला इंजिनाच्या पोटात थोडा अधिक प्राणवायू जातो आणि त्या प्रमाणात ते अधिक मोकळेपणाने ओढते. पन्नास-चौपन्न अश्वांच्या संसारात दोन-तीन अश्वांची भर ही काही लहान गोष्ट नव्हे. त्याहून मोठा लाभ पेट्रोलच्या बाबतीत होतो. कडक उन्हात जुन्या गाडीच्या नळीतले पेट्रोल इंजिनापर्यंत पोहोचण्याच्या आधीच उकळते, नळीत वाफेचा बुडबुडा अडकतो, आणि वाहती गाडी भर रस्त्यात मरून पडते. अशा वेळी नळीवर ओला फडका गुंडाळून वाट पाहणे एवढाच उपाय उरतो. मार्गळीत हा प्रश्न नसतो. पाणी तापण्याची धास्ती नाही, दर दोन मिनिटांनी काट्याकडे पाहणे नाही. चालकाची नजर रस्त्यावर आणि शेतांवर राहू शकते. हिवाळ्यातले निम्मे सुख या निश्चिंतीचे आहे असे म्हटले तर वावगे होणार नाही.

पहाटे गाडी उठविण्याचा विधी असतो आणि त्यात घाई चालत नाही. किल्ली फिरविली की प्रथम इंजिन बोलत नाही. पेट्रोलचा विजेवर चालणारा पंप टकटक करू लागतो. टकटक मंदावली की पेट्रोल वर पोहोचले असे समजावे. मग चोकची मूठ ओढावयाची. या गाड्यांच्या कार्बुरेटरमध्ये चोक हवा अडवीत नाही. ज्या बारीक तोंडातून पेट्रोल येते ते तोंडच खाली सरकविते, आणि त्यात बसलेली निमुळती सुई तेवढी सैल होऊन पेट्रोलाची धार वाढते. इंजिन खोकते, दम धरते, चालू होते. तेलाच्या दाबाचा काटा प्रथम बराच वर उभा राहतो, कारण थंड तेल घट्ट असते. तो हळूहळू खाली बसेपर्यंत गाडीला धावडवू नये. पहिली दोन-तीन किलोमीटर तिला हातात हात धरून चालविल्यासारखे चालवावे लागते. ज्याला हे थांबणे जमत नाही त्याने दुसरी मोटार घ्यावी.

आता रस्ता. कुंभकोणमहून पश्चिमेला दारासुरम्, सुंदरपेरुमाळकोविल, पापनाशम्, अय्यमपेट्टै या गावांवरून तंजावरला जाणारा जुना मार्ग कावेरीच्या पाण्यावर पोसलेल्या भातशेतांतून जातो. मेट्टूरचे धरण १९३४ मध्ये पुरे झाले. त्याचे दरवाजे १२ जूनला उघडावयाचे आणि २८ जानेवारीला बंद करावयाचे असा तेथे परिपाठ आहे. पाणी पुरेसे असेल त्या वर्षी मार्गळीत कालवे भरलेले असतात, आणि भरल्या पाण्यावरून व ओल्या शेतांवरून पहाटे धुके उठते. ते दाट नसते. कमरेइतके उंच, रस्त्याला आडवे पसरलेले. बुटक्या मोटारीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून चार फुटांवरही नसतात, त्यामुळे बसमधल्या प्रवाशाला जे धुके खिडकीखालून जाताना दिसते त्यात हा गळ्यापर्यंत बुडतो. पुलाजवळ हवा एकदम थंड लागते; वस्ती आली की कोमट होते. बंद मोटारीतल्या माणसाला ही चढउतार कळतच नाही. उघड्या मोटारीतला माणूस डोळे मिटूनही सांगू शकेल की कालवा आला, आता भिंती आल्या, आता पुन्हा शेत. अर्थात त्याने डोळे मिटू नयेत हे उत्तम.

मार्गळी हा तमिळ लोकांचा प्रभातगीतांचा महिना. आंडाळची तिरुप्पावै, तीस पदे, तीस दिवसांची. अरियक्कुडी रामानुज अय्यंगारांनी त्यांना चाली बांधल्या आणि एम. एल. वसंतकुमारींच्या आवाजाने ती घरोघर पोहोचविली. गावोगावच्या देवळांतून पहाटे ध्वनिक्षेपकावर ती लागतात. एका ठिकाणी बसून ऐकणाऱ्याला कर्णा कर्कश वाटतो, आणि तो असतोही. पण मोटारीतून जाणाऱ्याच्या कानांवर एका गावचा स्वर मागून विरत असताना पुढच्या गावचा स्वर समोरून येऊ लागतो. मध्ये काही क्षण दोन्ही एकमेकांत मिसळतात, आणि मग केवळ इंजिनाचा आवाज. दारांपुढे शेणसडा घालून स्त्रिया कोलम काढीत असतात. तांदळाच्या पिठाच्या रेषा, मध्ये शेणाचा गोळा आणि त्यात खोवलेले भोपळ्याचे पिवळे फूल. अय्यमपेट्टैच्या परिसरात पोंगलाच्या आधीचे दिवस गुळाचे. गुऱ्हाळाची ती गोडसर, किंचित करपट वाफ रस्त्यावर आली की कोल्हापूरकडच्या माणसाला तरी आपण कोठे आहोत याचा क्षणभर विसर पडावा.

वासावरून कॉफी आठवते. कुंभकोणमची ‘डिग्री कॉफी’ आज तमिळनाडूच्या प्रत्येक महामार्गावर पाटी लावून विकली जाते. डिग्री हे शिक्षणाचे नव्हे, दुधाचे प्रमाणपत्र. दुधात पाणी घातले आहे की नाही हे पाहण्यासाठी लॅक्टोमीटर बुडवीत, आणि त्यावरचे अंश पुरे भरले तर ते दूध डिग्रीचे. अशी या नावाची उपपत्ती सांगतात. ती पितळी पेला-वाटीत येते. बोटे वाऱ्याने गारठलेली असताना तो तापलेला पेला दोन्ही हातांत धरणे, यासाठी निम्मे लोक टप पाडून येत असतील असे वाटते. इंग्रजाची आगटी आणि कुंभकोणमचा पेला यांत फरक एवढाच की पेल्यासाठी आधी अर्धमेले होण्याची आवश्यकता पडत नाही.

पण वाटेत दारासुरम् लागते, आणि तेथे थांबल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. ऐरावतेश्वराचे हे देऊळ बाराव्या शतकात दुसऱ्या राजराज चोळाने बांधले; २००४ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्याच्या पुढच्या मंडपाला रथाचे रूप दिले आहे. दगडी चाक, त्याच्या आरा, जोडलेला घोडा. आणि घोड्याच्या मानेचा ताण असा की पुढच्या क्षणी सारा मंडप हलावा. कुंभकोणमात सारंगपाणीचे गर्भगृह रथाच्याच आकाराचे आहे. या गावांना रथाचे वेड आहे. उत्सवात लाकडी रथ माणसे दोरांनी ओढतात. त्याला तमिळमध्ये तेर म्हणतात आणि गेल्या शतकातले इंग्रज लेखक त्याला ‘कार’ म्हणत. देवळाभोवतीच्या ज्या रस्त्यांवरून तो फिरे त्यांना त्यांनी ‘कार स्ट्रीट’ असे नाव दिले. म्हणजे मोटार येण्याच्या कितीतरी आधी या गावात ‘कार’ होती, ती चारी बाजूंनी उघडी होती, आणि तिचा वेग हा तिच्या मोठेपणाचा भाग नव्हता. देव उघड्या वाहनातून निघतो तो लोकांनी त्याला पाहावे म्हणून. उघड्या मोटारीतल्या माणसाचेही थोडेफार असेच होते. शाळेची मुले ओरडतात, सायकलवरचा म्हातारा किती जुनी म्हणून विचारतो, फाटकापाशी गाडी थांबली की चार माणसे बॉनेटवर वाकतात. ज्याला एकांत हवा त्याने काचा चढविलेल्या गाडीत बसावे.

धोके आहेत. तै महिन्यात सांबा भाताची कापणी सुरू झाली की शेतकरी रस्त्याच्या एका अंगाला कणसे पसरतात. येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनांच्या चाकांनी फुकट मळणी होते. बसला त्याचे काही वाटत नाही. जमिनीपासून वीतभर उंच अशा मोटारीच्या पोटाखाली मात्र पेंढा अडकतो, आणि तेथेच धुराची तापलेली नळी असते. पेंढा पेट घेऊ शकतो. म्हणून मळणीच्या रस्त्यावरून गेल्यावर थांबून, वाकून, खाली पाहावे. जवळ पाण्याचा डबा असावा. परतीच्या वाटेवर आणखी एक अडचण. सकाळी पश्चिमेकडे जाताना सूर्य पाठीशी असतो, आठनंतर कुंभकोणमकडे वळले की तो थेट डोळ्यांत येतो, आणि दवाने ओली झालेली काच सारी पांढरी होते. तेव्हा काच पाडून, टोपी पुढे ओढून, बैलगाडीच्या वेगाने येणे बरे.

अशा मोटारी आपल्या देशात मुळात थोड्या. स्वातंत्र्यानंतर परदेशी गाड्यांची आयात आवळली गेली. १९५३-५४ च्या सुमारास फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी येथील जुळणीचे कारखाने बंद केले. सैन्यातले अधिकारी, चहाचे मळेवाले, संस्थानिक यांनी आणलेल्या गाड्याच काय त्या उरल्या. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९६१ पासून हेराल्ड ही गाडी काढली. इंग्लंडातल्या ट्रायम्फ स्पिटफायर या उघड्या गाडीचा सांगाडा त्याच हेराल्डवरून बेतलेला, म्हणून दक्षिणेत तिचे दूरचे नातेवाईक तरी होते. पुढे गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनांची उघडी गाडी काही वर्षे तयार होत असे, तीही थांबली. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. तिच्या क्रमांकात ‘व्ही.ए.’ ही अक्षरे येतात, आणि अशी गाडी प्रदर्शन, मेळावा, संशोधन, इंधन वा दुरुस्ती यांसाठी रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही. नियम समजण्यासारखा आहे. पण धावणे हेच ज्या वस्तूचे रूप आहे ती न धावता मूळ रूपात कशी राहावी, हा प्रश्न त्याने सुटलेला नाही. फिरत न राहिलेल्या इंजिनाला गंज धरतो. कातडे आणि रबर वाळून तडकते.

रस्त्याच्या बाबतीत मात्र एक अनपेक्षित लाभ झाला आहे. विक्रवंडीपासून तंजावरपर्यंतचा नवा चौपदरी मार्ग कुंभकोणमला वळसा घालून जातो. घाई असलेली वाहने तिकडे वळली, की गावागावांतून जाणारी जुनी वाट सायकली, बैल आणि पन्नास किलोमीटरवर समाधान मानणाऱ्या मोटारी यांच्या वाट्याला येते. नव्या मार्गावर उघडी गाडी नेण्यात अर्थ नाही. तेथे वारा सगळीकडे सारखाच लागतो.

नऊ वाजेपर्यंत धुके गेलेले असते. गाडी घरी आली की चालकाला झोप येऊ लागते, पण त्याचे काम संपलेले नसते. घडी घालून मागे ठेवलेल्या टपात दव मुरलेले असते, आणि ओला कॅनव्हास तसाच राहिला तर आठ दिवसांत त्यावर बुरशी चढते व लाकडाचे सांधे फुगतात. म्हणून टप उघडून, ताणून, उन्हाकडे तोंड करून गाडी अंगणात उभी करावयाची. ज्या पहाटेसाठी टप पाडला होता ती सरल्यावरच तो पहिल्यांदा वर चढतो.